हेवी मेटल आणि सत्ता: बर्मिंगहॅमपासून जकार्तापर्यंत

हेवी मेटल या संगीतप्रकाराबद्दल मराठी घरांत सहसा दोनच मते ऐकू येतात: तो निव्वळ गोंगाट आहे, किंवा तो वाया गेलेल्या पोरांचा नाद आहे. या संगीताच्या मुरलेल्या रसिकाला ही दोन्ही मते फारशी टोचत नाहीत, कारण गोंगाटाचा आरोप निम्मा खराच आहे आणि पोरे वाया जायला इतर कारणे पुष्कळ आहेत. त्याला छळणारा प्रश्न वेगळा असतो. युद्ध, कारखाना, तुरुंग, धर्मपीठ आणि सरकार हे या संगीताचे गेल्या पंचावन्न वर्षांतले हक्काचे विषय आहेत. तरीही त्याच्या चाहत्यांत कडवे डावे आणि कडवे उजवे, शांततावादी आणि सैनिक, राष्ट्राध्यक्ष आणि संसदेवर चाल करून गेलेले दंगेखोर असे सगळेच सापडतात. एकाच आवाजात इतक्या परस्परविरोधी माणसांना आपापले राजकारण कसे सापडते, याचा विचार करायचा तर आधी तो आवाज कुठून आला हे पाहावे लागते.

तो आला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरातून, आणि त्यातही ॲस्टन या कामगारवस्तीतून. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांच्या खुणा अंगावर वागवणाऱ्या या वस्तीत वाढलेल्या चार मुलांनी १९६८ मध्ये जो बँड काढला, तोच पुढे ‘ब्लॅक सॅबथ’ म्हणून जगाला माहीत झाला. त्यांतला गायक ऑझी ऑस्बोर्न काही काळ कत्तलखान्यात कामाला होता, तर गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात. वयाच्या सतराव्या वर्षी, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, गैरहजर कामगाराच्या जागी आयोमीला प्रेस यंत्रावर बसवण्यात आले आणि त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे गिटारच्या तारा दाबण्याचे काम नेमके याच हाताचे होते. त्याने साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे घडवली, त्यांवर चामड्याचे तुकडे चिकटवले, बोटांना सोसतील अशा बारीक तारा लावल्या आणि १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपासून त्या तारा नेहमीपेक्षा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. ढिल्या तारांचा तो खोल, जड नाद पुढे या संगीताची ओळख ठरला. एखाद्या संगीतप्रकाराच्या स्वरलगावावर औद्योगिक अपघाताचा इतका थेट ठसा उमटल्याचे दुसरे उदाहरण शोधून सापडणे कठीण आहे.

या आवाजाची घडण थोडक्यात सांगायची तर तिचे तीन घटक आहेत. वारंवार फिरून येणारी छोटी, ठसठशीत स्वरावली म्हणजे ‘रिफ’. षड्ज आणि पंचम एवढेच दोन स्वर एकदम छेडून काढलेला ठोस आघात म्हणजे ‘पॉवर कॉर्ड’. आणि ॲम्प्लिफायरला त्याच्या ताकदीबाहेर ताणल्यावर येणारी खरखर म्हणजे ‘डिस्टॉर्शन’. १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघालेल्या ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बमचे पहिले गाणे ज्या रिफने उघडते तिच्यात षड्ज, तार षड्ज आणि मग तीव्र मध्यम एवढेच स्वर आहेत. पाश्चात्त्य संगीतशास्त्रात षड्ज आणि तीव्र मध्यम यांमधले अंतर सैतानाच्या नावाने ओळखले गेले, आणि मध्ययुगीन चर्चने त्यावर बंदी घातली होती अशी दंतकथा मेटलप्रेमी मोठ्या आवडीने सांगतात, जिला फारसा आधार नाही. यमनवर पोसलेल्या भारतीय कानाला तीव्र मध्यमाचे भय वाटण्याचे कारण नाही. पण इथे तो गंधार आणि पंचम यांच्या सोबतीशिवाय, एकटा, संथ आणि कर्कश लावलेला असल्यामुळे त्याच कानालाही तो अस्वस्थ करून सोडतो.

त्याच वर्षी आलेल्या ‘पॅरनॉईड’ या दुसऱ्या अल्बमचे नाव आधी ‘वॉर पिग्ज’ ठरले होते, ते कंपनीने बदलले. त्या नावाचे गाणे मात्र अल्बमच्या आरंभीच राहिले. बँडची बहुतेक गीते लिहिणारा बेसवादक गीझर बटलर हा आयरिश कॅथलिक कुटुंबातला, आणि गाण्याचा रोख व्हिएतनामच्या काळातल्या त्या सेनानींवर व राजकारण्यांवर आहे, जे युद्ध पुकारतात आणि मरायला गरिबांच्या मुलांना पाठवतात. शेवटी या सत्ताधाऱ्यांचा न्याय होतो, तो मात्र मतपेटीतून किंवा क्रांतीतून होत नाही. तो परमेश्वर करतो आणि सैतान हसत पाहत राहतो. हेवी मेटलच्या राजकारणाची जन्मखूण इथेच दिसते. सत्तेवरचा अविश्वास त्यात पुरेपूर आहे, पण सत्ता कोणाच्या हाती द्यावी याचे उत्तर नाही. पक्ष, संघटना, जाहीरनामा यांच्याकडे पाठ फिरवलेल्या माणसाचा हा संताप आहे, आणि ज्या संतापाला पत्ता नसतो तो कोणाच्याही दारात नेऊन उभा करता येतो.

समाजशास्त्रज्ञ डीना वाइनस्टाइन यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात मेटल गीतांच्या विषयांची दोन गटांत वाटणी केली आहे: एक देह, मद्य आणि मौजेचा, ज्याला त्या ग्रीक देव डायोनिससचे नाव देतात, आणि दुसरा युद्ध, मृत्यू, विनाश अशा अनागोंदीचा. राजकारणाच्या दृष्टीने दुसरा गट महत्त्वाचा, हे उघड आहे. तरी पहिल्या गटातही राजकारण अगदीच नसते असे नाही, हे ‘जूडास प्रीस्ट’ या बर्मिंगहॅमच्याच परिसरातल्या बँडवरून कळते. या बँडच्या १९८० मधल्या अल्बमचे नावच ‘ब्रिटिश स्टील’, आणि त्यातले कायदा मोडण्याविषयीचे प्रसिद्ध गाणे बेकारीने पिचलेल्या तरुणाच्या तोंडी आहे. गायक रॉब हॅलफर्डने चामड्याचे जाकीट, खिळे आणि साखळ्या हा जो वेश रूढ केला तो समलिंगी पुरुषांच्या चामडे-संस्कृतीतून घेतलेला होता. मर्दानीपणाचा टेंभा मिरवणाऱ्या हजारो चाहत्यांनी तो कित्येक वर्षे निःशंक मनाने अंगावर वागवला, आणि १९९८ मध्ये हॅलफर्डने आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले तेव्हा बहुतेकांनी ते मुकाट्याने पचवले. नियतीच्या खोडकरपणाचा इतका छान नमुना या संगीताच्या इतिहासात दुसरा नाही.

‘ब्रिटिश स्टील’च्याच सुमारास लंडनच्या ‘आयर्न मेडन’ने १९८० च्या एका एकेरी तबकडीच्या वेष्टनावर आपले बोधचिन्ह असलेला एडी हा राक्षस हातात सुरा घेऊन पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या देहावर ओणवा दाखवला. ब्रिटनमध्ये विकलेल्या प्रतींवर थॅचरबाईंच्या डोळ्यांवर काळी पट्टी ओढावी लागली. यावरून हा बँड डावा ठरवायची घाई कोणी करू नये, कारण पुढच्याच तबकडीवर थॅचरबाई बंदूक घेऊन एडीचा सूड घ्यायला टपलेल्या दिसतात, आणि याच बँडच्या ब्रूस डिकिन्सन या गायकाने २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावे असा कौल दिला व पुढे त्यामुळे वादकांच्या दौऱ्यांना होणाऱ्या अडचणींबद्दल तक्रारही केली.

अमेरिकेत या संगीताला राजकारणात ओढण्याचे श्रेय सरकारी वर्तुळातल्या पालकांकडे जाते. सिनेटर अल गोर यांच्या पत्नी टिपर गोर आणि वॉशिंग्टनमधल्या इतर वजनदार स्त्रियांनी १९८५ मध्ये एक पालकसंस्था काढून पंधरा ‘गलिच्छ’ गाण्यांची यादी प्रसिद्ध केली, जिच्यातली नऊ गाणी हेवी मेटलच्या गोटातली होती. १९ सप्टेंबर १९८५ रोजी सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. ‘ट्विस्टेड सिस्टर’चा गायक डी स्नायडर केसांचा पसारा आणि बिनबाह्यांचे जाकीट अशा थाटात साक्षीला आला, तो बरळेल अशी बहुधा अनेकांची अपेक्षा असावी. त्याने घडी घातलेला कागद काढून शांतपणे सांगितले की आपण विवाहित आहोत, एका मुलाचे बाप आहोत, धर्माने ख्रिस्ती आहोत, दारू, तंबाखू वा अमली पदार्थ घेत नाही, आणि ज्या गाण्यात टिपरबाईंना विकृत शृंगार दिसला ते शस्त्रक्रियेच्या भीतीवरचे आहे. अल गोर स्वतः त्या समितीत बसलेले होते. सुनावणीने कायदा झाला नाही, परंतु ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी पालकांसाठी इशाऱ्याची चिठ्ठी वेष्टनावर छापायचे मान्य केले, आणि ती चिठ्ठी मुलांच्या दृष्टीने लवकरच उत्तम जाहिरात ठरली.

पाच वर्षांनी नेव्हाडा राज्यातल्या रीनो शहरात जूडास प्रीस्टवर खटला उभा राहिला. दोन तरुणांनी स्वतःवर गोळ्या झाडल्या, त्याला एका गाण्यात दडवलेला गुप्त संदेश कारणीभूत आहे, असा त्यांच्या कुटुंबीयांचा दावा होता. न्यायालयाने १९९० मध्ये दावा फेटाळला. जो संदेश म्हणून सांगितला गेला तो गायकाचा उच्छ्वास आणि गिटारचा आवाज यांचा योगायोगाने झालेला मिलाफ होता, असा निष्कर्ष निघाला. या प्रकरणात एक जुनी सोय दिसते: उद्ध्वस्त घर, दारू आणि बेकारी यांचा हिशेब मांडण्यापेक्षा ध्वनिमुद्रिकेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे समाजाला सोपे जाते.

दरम्यान १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात ‘थ्रॅश’ ही शाखा फोफावली होती. थ्रॅश म्हणजे मेटलची जड रिफ आणि पंक संगीताचा भन्नाट वेग यांचा संकर. ‘मेटॅलिका’च्या १९८८ च्या अल्बममधले ‘वन’ हे गाणे डाल्टन ट्रम्बो या लेखकाच्या १९३९ मधल्या कादंबरीवर आधारलेले असून, हातपाय, डोळे, कान, जीभ सगळे गमावून स्वतःच्या देहात कोंडला गेलेला सैनिक हा त्याचा विषय आहे. ट्रम्बो पुढे कम्युनिस्ट असल्याच्या आरोपावरून हॉलिवूडच्या काळ्या यादीत गेला आणि तुरुंगातही. युद्धाच्या विरोधात याहून भेदक गाणे या शाखेने दिलेले नाही. आणि तरीही २००३ मध्ये इराकमधल्या अमेरिकी सैनिकांनी कैद्यांना झोपू न देण्यासाठी, त्यांचे मन मोडण्यासाठी जी गाणी कर्णकर्कश आवाजात वाजवल्याच्या बातम्या आल्या, त्यांत मेटॅलिकाचे नाव होते. गायक जेम्स हेटफिल्डने ही गोष्ट बरीचशी हसण्यावारी नेली, तर ‘रेज अगेन्स्ट द मशीन’चा गिटारवादक टॉम मोरेलो याने संगीताच्या अशा वापराचा जाहीर निषेध केला. या दोघांच्या प्रतिक्रियांत जे अंतर आहे तेच मेटलच्या राजकारणातले खरे अंतर आहे. गाण्यात कैद्याची बाजू घेणे आणि गाण्याबाहेर कैद्याची बाजू घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जिथे बोलण्याची किंमत मोजावी लागते तिथे हा फरक आपोआप मिटतो. ब्राझीलमध्ये १९६४ ते १९८५ अशी एकवीस वर्षे लष्करी राजवट होती. तिच्या अखेरीस, १९८४ मध्ये, बेलो ओरिझोंची शहरात ‘सेपुल्तुरा’ हा बँड जन्मला. त्याच्या १९९३ च्या ‘केऑस ए.डी.’ या अल्बममध्ये आदल्या वर्षी साओ पावलोच्या कारांदिरू तुरुंगात १११ कैदी मारले गेल्याच्या घटनेवर एक गाणे आहे, आणि १९९६ च्या ‘रूट्स’साठी या वादकांनी शावांते या आदिवासी जमातीच्या वस्तीत जाऊन त्यांच्यासह ध्वनिमुद्रण केले. मॉस्कोत २८ सप्टेंबर १९९१ रोजी, फसलेल्या लष्करी उठावानंतर जेमतेम महिन्याभराने, तुशिनो विमानतळाच्या मैदानावर मेटॅलिका, पँटेरा आणि एसी/डीसी यांचा जो विनामूल्य कार्यक्रम झाला त्याला लाखोंचा जमाव लोटला. एकीकडे सैनिक गर्दीवर दंडुके चालवत होते आणि दुसरीकडे त्यांच्यातलेच काही माना हलवत होते, हे त्याच्या चित्रफितीत दिसते. इजिप्तमध्ये १९९७ साली सुमारे शंभर मेटलप्रेमी तरुणांना सैतानपूजेच्या संशयावरून अटक झाली, तर मोरोक्कोत २००३ मध्ये चौदा जणांना शिक्षा ठोठावल्या गेल्या, त्यांतल्या बहुतेकांची अपिलात सुटका झाली. तिथे न्यायालयासमोर पुरावा म्हणून काळे टी-शर्ट मांडले गेले होते.

इथवरच्या इतिहासावर चाहत्याला अभिमानाने बोलता येते. पुढचा इतिहास त्याला गप्प करतो. नॉर्वेत १९९० च्या दशकारंभी ‘ब्लॅक मेटल’ ही शाखा बहरली, जिच्यात गिटारचा आवाज मुद्दाम पातळ आणि बर्फाळ ठेवतात आणि गायक किंचाळतो. या गोटातल्या तरुणांनी ख्रिस्ती धर्माविरुद्धचा राग गाण्यात न ठेवता आगकाडी हाती घेतली; बर्गनजवळचे फँटॉफ्टचे पुरातन लाकडी चर्च ६ जून १९९२ रोजी भस्मसात झाले. ‘बुर्झुम’ या एकांड्या बँडचा चालक वार्ग विकर्नेस याने १० ऑगस्ट १९९३ रोजी ‘मेहेम’ बँडच्या गिटारवादकाचा सुऱ्याने खून केला. या खुनाबद्दल आणि चर्चे जाळल्याबद्दल त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली, तो २००९ मध्ये सुटला, आणि वंशवादी विचारांचा प्रचारक म्हणूनच आज तो जास्त ओळखला जातो. त्याच्या बुर्झुममागोमाग उघड नाझी विचारांच्या बँडांची एक उपशाखाच निघाली. अमेरिकेत ‘आइस्ड अर्थ’चा संस्थापक जॉन शॅफर ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीत घुसलेल्या जमावात होता आणि त्याने तीन महिन्यांनी गुन्हा कबूल केला.

अशा वेळी कलाकृती वेगळी आणि कलावंत वेगळा, ही सबब चाहत्याच्या मदतीला धावून येते. ती अर्धवट खरी असली तरी इथे फार काळ टिकत नाही, कारण विकर्नेसने आपले संगीत आणि आपला विचार यांना एकमेकांपासून सुटे ठेवलेलेच नाही, आणि जिवंत कलावंताची ध्वनिमुद्रिका विकत घेणे म्हणजे त्याच्या हाती पैसे ठेवणे असते. उलट प्रत्येक भयानक विषयाला समर्थन समजणेही चूकच. ‘स्लेयर’ने १९८६ मध्ये आउश्वित्झच्या डॉक्टर मेंगेलेवर गाणे केले तेव्हा त्यांच्यावर नाझीप्रेमाचा आरोप झाला आणि एका बड्या कंपनीने अल्बमच्या वितरणाला नकार दिला, पण ते गाणे अत्याचाराचे थंड वर्णन करते, गौरव करत नाही. श्रोत्याने वर्णन आणि वकिली यांतला फरक ओळखावा, एवढी अपेक्षा रास्त आहे. तो फरक ओळखूनही वकिली करणाऱ्याला पैसे देणे हे मात्र अभिरुचीचे प्रकरण उरत नाही.

चाहता स्वतःच सत्तेवर बसला तर काय होते, याचा सर्वांत बोलका दाखला इंडोनेशियाने दिला आहे. तिथले राजकारणी जोको विडोडो हे मेटलचे जुने चाहते. नेपाम डेथ या बर्मिंगहॅमच्याच बँडचा टी-शर्ट घातलेले त्यांचे छायाचित्र जगभर फिरले. ‘नेपाम डेथ’ हा ‘ग्राइंडकोर’चा, म्हणजे सेकंदभराचीही गाणी रचणाऱ्या अतिवेगवान शाखेचा प्रवर्तक, आणि विचारांनी कट्टर डावा व मानवतावादी. विडोडो जकार्ताचे गव्हर्नर असताना २०१३ मध्ये मेटॅलिकाच्या रॉबर्ट त्रुहियो याने त्यांना आपली बेस गिटार भेट दिली. ती त्यांनी भ्रष्टाचारविरोधी आयोगाकडे जमा केली आणि आयोगाने ती सरकारी मालमत्ता ठरवली. त्यांचे कौतुक करावे असाच हा प्रसंग. पुढच्या वर्षी ते राष्ट्राध्यक्ष झाले. अमली पदार्थांच्या तस्करीत मृत्युदंड झालेल्या परदेशी कैद्यांना माफी द्यावी म्हणून २०१५ मध्ये नेपाम डेथचा गायक बार्नी ग्रीनवे याने त्यांना पत्र लिहून कळकळीची विनंती केली. टोनी आयोमीनेही रदबदली केली. ज्यांच्या संगीतावर हा माणूस वाढला त्यांनीच हात जोडले होते. २९ एप्रिल २०१५ रोजी आठ कैद्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

जपानमध्ये ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्या महिला पंतप्रधान झालेल्या सानाए ताकाइची विद्यार्थिदशेत ड्रम वाजवत, आयर्न मेडन ऐकतात, आणि त्यांचे राजकीय दैवत मार्गारेट थॅचर आहे. त्या जुन्या वेष्टनावरचे चित्र त्यांनी पाहिलेच असेल.

या दोघांच्या शेजारी तैवानच्या फ्रेडी लिम यांना ठेवून पाहावे. त्यांनी १९९५ मध्ये स्थापन केलेला ‘थॉनिक’ हा बँड गिटारच्या जोडीला अरहू हे दोन तारांचे पारंपरिक वाद्य वाजवतो आणि तैवानचा दडपलेला इतिहास गातो: जपानी राजवटीविरुद्ध १९३० मध्ये झालेला सीडिक आदिवासींचा उठाव, किंवा दुसऱ्या महायुद्धात जपानकडून लढवले गेलेले आदिवासी सैनिक. लिम यांनी ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या तैवान शाखेचे अध्यक्षपद भूषवले, २०१६ मध्ये ते तैपेईतून संसदेवर निवडून आले, आणि २०२२ मध्ये त्यांना परत बोलावण्यासाठी झालेल्या मतदानातून बचावले. त्यांना वेगळे ठरवणारी गोष्ट संगीताच्या जातीत शोधून सापडणार नाही. ती त्यांनी गाण्याबाहेर वर्षानुवर्षे केलेल्या, बिनचमकदार संघटनेच्या कामात आहे. विडोडो यांची आवड लिम यांच्याइतकीच खरी होती; संगीताने दोघांनाही सत्तेचा संशय घ्यायला शिकवले, पण स्वतःच्या हातातल्या सत्तेचा संशय घेणे हा धडा कोणत्याही रिफमध्ये बसत नाही.

मुंबईच्या संदर्भात एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. यंत्रांच्या खडखडाटातच संगीत जन्मायचे असेल तर गिरणगावात काय कमी होते? उत्तर असे की गिरणगावाच्या संतापाला पत्ता होता. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये उभारलेले लाल बावटा कलापथक, आणि त्याच्याही आधीपासून गाजलेले आंबेडकरी जलसे, यांत डफ-ढोलकीच्या मागे पक्ष, चळवळ आणि मागण्यांची यादी उभी होती. ॲस्टनच्या पोरांकडे ती नव्हती, म्हणून त्यांना न्यायासाठी परमेश्वराला बोलवावे लागले. मुंबईत हेवी मेटल आले ते कॉलेजांतल्या इंग्रजी शिकलेल्या मुलांच्या कॅसेटींमधून, आणि धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून भरू लागलेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’सारख्या मेळाव्यांतून, १९८२ च्या संपात अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यांतले असंख्य देशोधडीला लागले, त्यानंतर चारच वर्षांनी, गिरणगावापासून काही मैलांवर. कामगारवर्गाचे संगीत इथे येईपर्यंत वर्ग बदलून आले होते. २००० मध्ये निघालेला ‘डेमॉनिक रेझरेक्शन’, त्यानंतरचा ‘भयानक मौत’ या मुंबईच्या बँडांनी वादनात जागतिक दर्जा गाठला, पण त्यांच्या श्रोत्यांचा परीघ फारसा रुंदावला नाही. दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’ने अलीकडे हिंदी, पंजाबी आणि ढोल यांच्या साह्याने बलात्कार आणि द्वेषाचे राजकारण असे विषय घेऊन तो परीघ भेदला आहे. मराठीत अजून असा बँड व्हायचा आहे, आणि शाहिरीची एवढी थोर परंपरा घरात असताना तो होऊ नये, ही खंत वाटण्यासारखीच गोष्ट आहे.

ज्या वाचकाने आजवर हे संगीत दारातूनच परतवले असेल त्याने निदान तीन अल्बम सलग ऐकावेत: ब्लॅक सॅबथचा ‘पॅरनॉईड’, सेपुल्तुराचा ‘केऑस ए.डी.’ आणि थॉनिकचा ‘ताकासागो आर्मी’. सुरुवात ‘वॉर पिग्ज’पासून करावी. ते जवळजवळ आठ मिनिटांचे आहे. मधेच बंद करू नये.